शीव ते चेकनाका, आग्रा रोडने

आमच्या रस्त्याला तीन नावं आहेत. महापालिकेच्या पाटीवरचं लाल बहादूर शास्त्री मार्ग, रिक्षावाल्याच्या तोंडचं एलबीएस आणि साठी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडचं आग्रा रोड. आमच्या चाळीत सगळे आग्रा रोडच म्हणायचे. चाळीतल्या एकानेही आग्रा पाहिलेलं नव्हतं, पण पत्ता विचारला की "भांडुप, आग्रा रोड, पेट्रोल पंपाच्या मागे" हे उत्तर ठरलेलं. शास्त्रीजी १९६६ साली ताश्कंदला गेले आणि त्यानंतर त्यांचं नाव या रस्त्याला दिलं गेलं. साध्या, कष्टाळू माणसाचं नाव साध्या, कष्टाळू रस्त्याला मिळालं, असं आमचे एक मास्तर म्हणायचे. पुढे ते हळूच जोडायचे, "आणि दोघांकडेही फारसं कुणाचं लक्ष नाही."

शीवपासून निघून कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, कांजूर, भांडुप, मुलुंड करत ठाण्यापर्यंत जाणारा हा सुमारे २१ किलोमीटरचा रस्ता. मुंबईत आलेला पाहुणा मरीन ड्राइव्ह बघतो, सी लिंक बघतो. आमच्या रस्त्यावर कुणी बघायला येत नाही. इथे माणूस येतो तो कामाला, किंवा कामावरून घरी. वर्तमानपत्रात हा रस्ता ठळक अक्षरात आला तोही बहुधा वाईट बातमीतच. २८ जुलै २००३ ला घाटकोपरला बेस्टच्या बसमध्ये बॉम्ब फुटला तेव्हा आला. २६ जुलै २००५ ला मिठी नदी कुर्ल्यात शिरली तेव्हा आला. मार्च २०२१ मध्ये भांडुपच्या एका मॉलमधल्या रुग्णालयाला आग लागली तेव्हा आला. एरवी "वाहतूक संथ" एवढीच त्याची बातमी.

या रस्त्याची ही अवस्था कशी झाली, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे. दुर्लक्ष झालं, असं म्हणून सगळे मोकळे होतात. पण दोनशे वर्षांचा हिशेब मांडत गेलं की काहीतरी वेगळंच हाती लागतं. म्हणून हे थोडं इतिहासाचं पुराण. कंटाळा आला तर मधले दोन परिच्छेद गाळायला हरकत नाही.

सुरुवात शीवपासूनच करू. शीव म्हणजे सीमा, गावाची हद्द. इंग्रजांनी त्याचं सायन केलं. मुंबई हे बेट होतं तेव्हा कंपनी सरकारची हद्द इथे संपायची आणि खाडीपलीकडे साष्टी सुरू व्हायची. साष्टी १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला जिंकून ती बळकावली आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. आता दोन्ही काठ एकाच धन्याचे झाले, मग मधली खाडी अडचणीची वाटू लागली. गव्हर्नर जोनाथन डंकनच्या काळात, १७९८ ला शीव आणि कुर्ल्याला जोडणारा बांध घालायला घेतला, तो १८०५ पर्यंत पुरा झाला. खर्च त्या वेळचे पन्नास हजार रुपये. १८२६ मध्ये हा बांध रुंद करावा लागला. म्हणजे वीसेक वर्षांतच रस्ता अपुरा पडला होता! या रस्त्याचं पहिलं रुंदीकरण दोनशे वर्षांपूर्वीचं आहे, हे ध्यानात ठेवावं म्हणजे आजचं रुंदीकरण रखडल्याचं फार वाईट वाटत नाही.

बांधापलीकडे वाट ठाण्याला जायची आणि तिथून थळ घाट चढून नाशिक, इंदूर, आग्रा. घाटावरचा माल या वाटेने बंदराकडे उतरायचा. एका हाताला घाटकोपर-विक्रोळी-भांडुपच्या टेकड्या, दुसऱ्या हाताला मिठागरं आणि ठाण्याची खाडी, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीतून हा बैलगाड्यांचा रस्ता. ही पट्टी नीट डोळ्यांपुढे आणा, कारण पुढचं सगळं दुखणं या चिंचोळेपणात आहे.

भांडुप तेव्हा खेडं, पण अगदीच अनोळखी नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथली इस्टेट ल्यूक ॲशबर्नर नावाच्या इंग्रजाकडे होती आणि इथे रमची मोठी भट्टी होती. पण भांडुपची खरी नोंद १८४३ ची आहे. मुंबई सरकारचे मुख्य अभियंते जॉर्ज क्लार्क त्या वर्षी भांडुपला आले होते आणि मुंबईपासून ठाणे, कल्याण व पुढे घाटांपर्यंत रेल्वे न्यावी ही कल्पना त्यांना या भेटीत सुचली, असं रेल्वेच्या इतिहासात लिहिलेलं आहे. दहा वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदर ते ठाणे ही ३४ किलोमीटरची पहिली गाडी धावली. त्या दिवसाची चित्रं, तोफांची सलामी, सगळं पाठ्यपुस्तकात आहे. कल्पना जिथे सुचली तो आग्रा रोड मात्र पाठ्यपुस्तकात नाही.

रेल्वे आली आणि रस्त्याला पहिली बगल मिळाली. घाईतली माणसं आणि दूरचा माल रुळांवर गेला. रस्त्यावर उरले ते जवळपासचे गवत, दूध, वीट, दगड वाहणारे. आणखी एक झालं. रुळांनी पट्टीचे दोन उभे तुकडे केले. पश्चिमेला टेकड्या आणि पूर्वेला रूळ यांच्या मध्ये रस्ता कायमचा अडकला. इकडून तिकडे जायचं तर फाटक. विक्रोळीचा रेल्वेवरचा पूल खुला झाला जून २०२५ मध्ये. पहिली गाडी गेल्याला तोवर १७२ वर्षं झाली होती.

पश्चिम उपनगरांची गोष्ट वेगळी आहे. तिकडचा जुना घोडबंदर रोड, म्हणजे आजचा स्वामी विवेकानंद मार्ग, बंगल्यांचा, दुकानांचा, सिनेमावाल्यांचा झाला. आमच्या वाट्याला कारखाने आले. त्याला कारणं होती. जमीन स्वस्त, लागूनच रेल्वे, दगड टेकडीतून आणि माणसं कोकण-घाटावरून. विक्रोळीत गोदरेजनी चाळीसच्या दशकात जमीन घेतली आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या पोलादी मतपेट्या तिथे बनल्या. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापलेली प्रीमियर ऑटोमोबाइल्स कुर्ल्यात १९४७ पासून गाड्या जोडू लागली. पुढे देशाने जिला फियाट म्हटलं आणि मग पद्मिनी म्हटलं, ती गाडी या रस्त्यावरून पहिल्यांदा बाहेर पडायची. कमानी, मुकुंद, जीकेडब्ल्यू, एशियन पेंट्स, सिएट, हेक्स्ट... कुर्ल्यापासून मुलुंडपर्यंत भिंतीला भिंत. शहराची हद्द १९५० मध्ये भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत सरकली. शीव आता मुलुंडला गेली आणि तिथे जकातीचा चेकनाका बसला.

आमचं लहानपण या भिंतींच्या सावलीत गेलं. घड्याळ नसलं तरी चालायचं, भोंगा होता. सातचा, तीनचा, रात्री अकराचा. तीनच्या भोंग्यानंतर रस्त्यावर डोकीच डोकी दिसायची. पायी, सायकलवर, बसच्या दारात लोंबकळत. बाबा तिथल्याच एका कारखान्यात फिटर होते. महिन्याला पगार, दिवाळीला बोनस, आणि बोनसच्या आठवड्यात रस्त्यावर कपड्यांच्या, भांड्यांच्या हातगाड्यांची जत्रा. त्या दिवसांतही रस्ता अरुंद आणि खड्ड्यांचाच होता. पण हजारो माणसं अर्ध्या तासात तो रिकामा करून जायची, कारण ती माणसं होती, गाड्या नव्हत्या. ही साधी गोष्ट पुढे आखणी करणाऱ्यांच्या ध्यानात राहिली नाही.

दुसरी बगल मिळाली ती पूर्व द्रुतगती महामार्गाने. रुळांच्या पलीकडे, मिठागरांच्या कडेने, रुंद आणि सरळ. लांबच्या पल्ल्याची वाहतूक तिकडे वळली, आणि आग्र्याला जाणारा माणूस आग्रा रोडवरून जाईनासा झाला. सरकारच्या दृष्टीने प्रश्न सुटला. ज्यांचं घर किंवा काम रुळांच्या पश्चिमेला होतं, त्यांचा सुटला नाही, पण ते ओरडणारे लोक नव्हते. टेकड्यांवर वस्त्या चढत गेल्या. असल्फा, पार्कसाइट, सूर्यानगर, हनुमाननगर. त्या प्रत्येक टेकडीवरून खाली उतरलं की पाय टेकायला एकच रस्ता, आमचा.

ऐंशीनंतर भोंगे एकेक करून थांबू लागले. त्याची कारणं सांगताना कुणी युनियनकडे बोट दाखवतं, कुणी मालकांकडे, कुणी जमिनीच्या भावाकडे. घाटकोपरच्या दगडखाणीतल्या मजुरांचे डॉक्टर म्हणून सुरुवात केलेले दत्ता सामंत याच पट्ट्यातून मोठे झाले आणि १६ जानेवारी १९९७ ला पवईत त्यांची हत्या झाली. कुर्ल्याची कमानी ट्यूब्ज १९८५ मध्ये बंद पडली तेव्हा कामगारांनी कोर्टाची पायरी चढून, सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन, १९८८ मध्ये कारखाना स्वतःच्या ताब्यात घेतला आणि काही वर्षं चालवूनही दाखवला. देशात तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली होती. पद्मिनीचं उत्पादन या शतकाच्या उंबरठ्यावर थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेली. आता कुर्ल्यात गाड्या बनत नाहीत, नुसत्या अडकतात.

बाबांचा कारखानाही गेला. नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. थकबाकीसाठी बाबा आणि त्यांचे सोबती कित्येक वर्षं दर महिन्याला गेटवर जमायचे. गेट बंद, आत गवत, बाहेर चहाची टपरी. मग एक दिवस पत्रे लागले, आणि काही वर्षांनी पत्र्यांच्या जागी काचा. मॉल झाला. बाबा तिथे एकदाच आले, नातवाचा हट्ट म्हणून. गाड्या आत घ्यायच्या जागेवर ते थांबले आणि म्हणाले, "इथे आमचं टाइम ऑफिस. कार्ड पंच इथे करायचो." शिट्टी वाजवत रखवालदार आला. "काका, बाजूला व्हा, मागून गाडी येतेय." बाबा बाजूला झाले. आत जाऊन त्यांनी नातवाला आइसक्रीम घेऊन दिलं, बिल पाहून काही बोलले नाहीत. परत येताना रस्ता ओलांडायला आम्हाला दहा मिनिटं लागली.

त्या दहा मिनिटांत इतिहासाचा सगळा हिशेब आहे. कारखान्याची जमीन घरांना आणि दुकानांना वापरायची परवानगी मिळाली. कुर्ल्याला, घाटकोपरला, कांजूरला, भांडुपला, मुलुंडला मॉल आणि मनोरे उभे राहिले. कारखान्यात माणूस पायी यायचा आणि पाळी संपली की जायचा. मनोऱ्यात प्रत्येक घरामागे गाडीची जागा नियमानेच ठेवावी लागते आणि मॉलला तर शनिवारी संध्याकाळी सगळे एकदमच येतात. जमिनीचा वापर बदलला, किंमत कुठल्या कुठे गेली, आणि त्या जमिनीच्या दारातला रस्ता मात्र कारखान्याच्या काळातला.

रुंदीकरण झालंच नाही असं नाही. झालं, पण ते कसं होतं हे समजून घेण्यासारखं आहे. १८८८ च्या महापालिका कायद्यात रस्त्याची 'नियमित रेषा' ठरवण्याची तरतूद आहे. कागदावर रेषा आखली जाते. तिच्या आत येणारी इमारत लगेच पडतेच असं नाही. मालक नव्याने बांधायला निघाला की पुढची पट्टी त्याने रस्त्याला सोडायची आणि त्याच्या बदल्यात बांधकामाचा हक्क किंवा भरपाई घ्यायची. आता बिल्डरला मनोरा बांधायचा असतो, तो पट्टी आनंदाने देतो. शेजारच्या जुन्या चाळीला, गाळ्यांच्या रांगेला, छोट्या कारखान्याला नवं बांधायला पैसा नसतो, किंवा भाडेकरूंचा वाद कोर्टात असतो. ती तिथेच राहते. म्हणून आमचा रस्ता मॉलपुढे ऐसपैस आणि पन्नास पावलांवर पुन्हा गल्लीएवढा. दात पडलेल्या तोंडासारखा. चार रांगांत आलेल्या गाड्या दोन रांगांत शिरतात आणि मागे भोंगे सुरू होतात. हो, भोंगे परत आले आमच्याकडे, फक्त आता ते कुणाला कामाला बोलवत नाहीत.

दुसरा भाग आडव्या रस्त्यांचा. अंधेरी-घाटकोपर रस्ता, जोगेश्वरी-विक्रोळी रस्ता, २०१४ चा सांताक्रूझ-चेंबूर रस्ता, ही सगळी पूर्व-पश्चिम जोडण्याची कामं. प्रत्येकावर पैसा खर्च झाला, तो व्हायलाच हवा होता. पण हे सगळे आमच्या रस्त्याला छेदून जातात किंवा त्याच्यावर येऊन रिकामे होतात. येणारं पाणी वाढवायचं आणि गटार तेवढंच ठेवायचं, असा हा प्रकार. शहरातल्या पंचावन्न उड्डाणपुलांच्या खर्चासाठी मुंबईच्या पाच वेशींवर टोल बसला, त्यातली एक वेस मुलुंडला याच रस्त्यावर. १ जुलै २०१७ ला जकात संपली, ऑक्टोबर २०२४ मध्ये छोट्या गाड्यांचा टोल संपला. इतकी वर्षं ठाण्याहून येताना आम्ही शीव ओलांडल्याचे पैसे भरले, आणि ते पूल बहुतेक महामार्गांवरच दिसले.

तर मुद्दा असा, की हा रस्ता कुणी विसरलेलं नाही. त्याला वेळोवेळी बाजूला ठेवलं गेलं. जेव्हा जेव्हा तो अपुरा पडला, तेव्हा शहराने त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी बांधलं. आधी रेल्वे, मग महामार्ग. ज्यांना जमलं ते नव्या वाटेने गेले. जुन्या वाटेवर उरले ते ज्यांना दुसरी वाट नव्हती. त्यांची घरं टेकडीवर, शाळा रस्त्यापलीकडे, बाजार पदपथावर. त्यांच्या वेळेची किंमत कुठल्याच प्रकल्पाच्या अहवालात धरलेली नसते, म्हणून त्यांचा रस्ता नेहमी पुढच्या वर्षी होतो. आणि जमिनीला भाव आला तेव्हा त्याच रस्त्याचा पत्ता जाहिरातीत ठळक छापला गेला!

आता तिसरी बगल डोक्यावरून जाते आहे. वडाळा ते कासारवडवली ही सुमारे ३२ किलोमीटरची मेट्रो ४. मंजुरी २०१६ ची, काम २०१८ पासूनचं. घाटकोपर ते मुलुंड ती बरीचशी याच रस्त्यावरून जाते. खांबांसाठी मधोमध पत्रे लागले आणि आधीच अरुंद असलेला रस्ता वर्षानुवर्षं अर्धा झाला. दुकानदारांचे धंदे बसले, रुग्णवाहिका अडकल्या. तरीही मी मेट्रोच्या बाजूने आहे. दोनशे वर्षांत पहिल्यांदा बगल शेजारून न जाता याच रस्त्यावर येते आहे, त्याच्याच थांब्यांवर उतरणाऱ्यांसाठी. फक्त मनात एक भीती आहे. वरून गाड्या धावू लागल्या की खालच्या रस्त्याचा प्रश्न पुन्हा सुटला असं समजलं जाईल. खाली पदपथ झाला नाही, टेकडीवरून उतरणाऱ्या बाईला रस्ता ओलांडायला सिग्नल मिळाला नाही, दात पडलेल्या जागा तशाच राहिल्या, तर स्थानकाच्या जिन्याशीच माणसं अडकतील. काम अवघड नाही. नियमित रेषेतल्या उरलेल्या जागांची यादी पालिकेकडे असतेच. त्या चाळींना आणि गाळ्यांना आधी जवळपास जागा द्यायची आणि मग रेषा सरळ करायची. क्रम एवढाच आहे. तो उलटा केला की कोर्ट, आणि कोर्ट म्हणजे आणखी वीस वर्षं.

मेट्रोच्या स्थानकांची यादी मी मुद्दाम वाचली. त्यात श्रेयस सिनेमा आहे, गांधीनगर आहे, सोनापूर आहे, शांग्रीला आहे. शांग्रीला म्हणजे भांडुपचा बिस्किटांचा कारखाना. बेस्टच्या कंडक्टरांनी थांब्यांना जी नावं पाडली ती बहुतेक अशीच, कमानी, कल्पना, शीतल, हुमा, कुठे कारखान्याची, कुठे टॉकीजची. बाबांच्या कारखान्याच्या नावाचाही एक बसथांबा होता. तो अजून आहे. पाटी नाही, पण कंडक्टर ओरडतो आणि चार माणसं उतरतात. आतल्या मॉलचं नाव मात्र दोनदा बदललं.